अर्धा कप चहा घेणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

पत्र उघड लिहितेय, पण तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्या सोसायटीत अजून सगळ्यांना माहीत नाही, आणि आपल्या आजाराबद्दल कुणाला, कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. गटातल्या माणसांना पहिल्या चार ओळींतच कळेल, हे कुणाला लिहिलंय ते.

आई मला मानसिक आजार असलेल्यांच्या स्वमदत गटात घेऊन आली तेव्हा डिस्चार्ज मिळून तीन आठवडे झाले होते. त्याआधीच्या मॅनियात, म्हणजे मन बेफाम उधाणलेल्या त्या दिवसांत, मी पाच रात्री झोपले नव्हते, वर्षभराची बचत उधळली होती, रात्री दोन वाजता साहेबांना लांबलचक मेल पाठवले होते. मग सगळं ओसरलं आणि उरली ती फक्त लाज. त्या खोलीत रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्या घरच्यांना 'शुभंकर' म्हणत होते. मला ते शब्द तेव्हा उगीच गोड वाटले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मी दाराकडे बघत होते.

तुम्ही शेजारी येऊन बसलात. आजाराचं नाव विचारलं नाहीत. "चहा घेणार? साखर जरा जास्त असते इथे," एवढंच बोललात. तुमच्या हातात अर्धाच भरलेला कप होता.

पुढचे दोन महिने दर गुरुवारी तसंच. माझ्या हाताला कंप होता, चहा बशीत सांडायचा, आणि मी तो हात पदराआड धरावा तसा ओढणीखाली धरायचे. शेवटी एकदा मीच धीर करून विचारलं, "काका, तुम्ही नेहमी अर्धाच कप का घेता?" तुम्ही हात पुढे केलात. तोही थरथरत होता. "लिथियम. बावीस वर्षं झाली," म्हणालात. घरी जाताना बसमध्ये मी रडले. बरं वाटून रडण्याची त्या वर्षातली ती पहिलीच वेळ. मीही घेत होते ते हात थरथरवणारं औषध बावीस वर्षं घेणारा माणूस रोज भाजी आणतो, नातवाला शाळेत सोडतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी ते दोन महिने बघत होते.

हरतालिका आठवते? आईने निर्जळी उपासाचा आग्रह धरला होता. मी बरी व्हावी म्हणूनच तिचा तो नवस. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं, हे आम्हा दोघींनाही नीट कळलेलं नव्हतं. तुम्ही आईला चुकूनही अडाणी ठरवलं नाहीत. "वहिनी, आधी डॉक्टरांना एक फोन करू. उपास तुम्ही धरा, पोरीला पाणी पिऊ द्या. देवी काही रागावणार नाही," म्हणालात. डॉक्टरांनी उपासाला साफ नाही सांगितलं. आईने ऐकलं ते मात्र तुमच्यामुळे, कारण तुमच्या आईनेही कधीकाळी असेच उपास केले होते, हे तुम्ही तिला सांगितलंत.

पुढे मीही तुमचंच काम करायला लागले, आपल्यासारखाच आजार असलेल्या माणसाच्या शेजारी बसून त्याला आधार देण्याचं. प्रशिक्षण झालं. औषध बदलायचा सल्ला द्यायचा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कुणी बोललं तर गुपित ठेवायचं नाही. शंका आली तर सरळ विचारायचं, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलू लागतो. रात्री-अपरात्री आपण नसलो तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा. सगळं वहीत लिहून घेतलं होतं.

आणि पहिल्याच महिन्यात चुकले. कॉलेजातली एक मुलगी आली, माझ्यासारखीच दाराकडे बघत बसलेली. मी वीस मिनिटांत तिला माझी अख्खी कहाणी सांगितली, ॲडमिट केल्याच्या रात्रीसकट. ती "थँक यू ताई" म्हणाली आणि पुढचे दोन गुरुवार आलीच नाही. तुम्ही रागावला नाहीत. फक्त विचारलंत, "तिने विचारलं होतं का?"

काका, त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे. स्वतःचा अनुभव हेच आपलं भांडवल, असं सगळे म्हणतात. तो अनुभव दोन महिने पोटात ठेवून कुणाच्या शेजारी चहा पीत बसणं किती जड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या गुरुवारी ती मुलगी परत आली. मी तिला चहा दिला आणि गप्प बसले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समाजकार्यकर्ते, नर्स यांच्या व्याख्या आहेत. आपल्या कामाची नाही. तुम्ही इतकी वर्षं बसभाडंही खिशातून घातलंत. मला निदान मानधन मिळतं. हे काम सेवा म्हणून गोड मानून घेण्यापेक्षा त्याला रीतसर पगार असावा असं मला ठामपणे वाटतं, आणि तुमचं नाव न घेता मी ते प्रत्येक बैठकीत बोलते.

त्याच कायद्यातली एक गोष्ट मात्र तुम्ही मला कागदावर दाखवलीत. आजार उलटला आणि निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही, तर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, आपल्या वतीने कोणी बोलावं, हे आधीच लिहून ठेवता येतं. तुमच्या कागदावर होतं, 'चष्मा माझ्याजवळ राहू द्यावा. रात्री खोलीतला दिवा पूर्ण बंद करू नये.' गेल्या पावसाळ्यात तुम्हाला ॲडमिट व्हावं लागलं तेव्हा मी भेटायला आले. चष्मा उशाशी होता. तुम्ही ओशाळलात, "शिकवणाराच नापास झाला बघ." नाही काका. तुम्ही पुन्हा आजारी पडू शकता आणि पुन्हा घरी येऊ शकता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने मला जेवढा धीर आला तेवढा तुमच्या बावीस वर्षांनीही आला नव्हता.

मागच्या महिन्यात मी माझाही कागद केला. प्रतिनिधी म्हणून आईचं नाव आहे. त्याखाली एक ओळ आहे, 'काका भेटायला आले तर त्यांना आत सोडावं. चहा अर्धा कप.'

तुमची,
गुरुवारच्या गटातली पोरगी