पेन्सिकला निघणाऱ्या सभासदांसाठी

पेन्सिल्व्हेनियातल्या कूपर्स लेकला पेन्सिकसाठी, म्हणजे मध्ययुगीन वेशात भरणाऱ्या लुटुपुटीच्या लढायांच्या मेळ्यासाठी, येणाऱ्या सर्वांनी नोंद घ्यावी. गाड्या शनिवारी पहाटे साडेपाचला निघतील, म्हणजे निघतीलच. मागच्या खेपेला एका शिरस्त्राणाच्या शोधात अख्खा तास गेला होता. ते शेवटी मालकाच्याच मांडीखाली सापडलं.

आवारात सतराव्या शतकाच्या आधीचा वाटेल असा पोशाख लागतो. नवख्यांनी घाबरू नये, गुडघ्यापर्यंतचा सैल लिननचा अंगरखा आणि कमरेला पट्टा एवढ्यावर भागतं. लोकरीचा झगा रुबाबदार दिसतो खरा, पण ऑगस्टच्या उन्हात दुपारपर्यंत तुम्हीच तो काढून फेकाल. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी गुरुवारपर्यंत कळवा, दोन अंगरखे जादा आहेत.

लढाईतली शस्त्रं वेताचीच असतात आणि चिलखताची आधी तपासणी होते. तुटके पट्टे घरीच बदला, तिथे रांगेत उभं राहून सुई-दोरा मागत फिरू नका. चिलखतांच्या पेट्या गाडीत सगळ्यात आधी जातील, तंबूचे खांब टपावर.

नोंदणीच्या जागेला तिथे ‘ट्रोल’ म्हणतात. तिथे फोटो असलेलं ओळखपत्र हाताशी ठेवा, पेटीच्या तळाशी नको.