नांदूरमध्यमेश्वरचा हत्ती उद्यानात आणा

महोदय,

गंगापूर रोड परिसरातल्या आमच्या उद्यानात सिमेंटचा डायनासोर उभा आहे. मुलं त्याच्या शेपटीवर चढतात, पालक फोटो काढतात. पण जवळ एका ओळीचाही फलक नाही. "आजोबा, हा इथंच राहायचा का?" असं मुलं मला विचारतात. त्यांना खरं उत्तर मिळालं पाहिजे.

माझं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलं. सिन्नर असो की दिंडोरी, मुरूम संपला की काळा पाषाण, मग मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांचा मऊ दगड, मध्येच लाल गेरूचा पट्टा आणि खाली पुन्हा पाषाण. हे सगळे लाव्हाचे थर. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ते एकावर एक पसरत गेले, आणि डायनासोर संपले तेही त्याच सुमारास. त्याआधीची जमीन या दगडाखाली खोल गाडली गेली. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव, पिसदुरा इथं ती उघडी आहे, म्हणून तिथं डायनासोरचे अवशेष मिळाले. आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही मिळाले, पण पार खाली, गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या बाजूला. तिथल्या लांब मानेच्या बारापासॉरसला रवींद्रनाथ टागोरांचं नाव जोडलं आहे आणि त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे.

उद्यानातला पुतळा मात्र टायरॅनोसॉरसचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या प्राण्याचा. त्याला हाताला दोन बोटं होती, इथं तीन केली आहेत. शेपूटही तो जमिनीवर टेकवत नसे. तरीही पुतळा काढा असं मी म्हणणार नाही. माणसाच्या आधीही या पृथ्वीवर कुणी राहून गेलं, हे लहान मुलाला पहिल्यांदा अशा पुतळ्यापाशीच कळतं. मला त्याची किंमत फार वाटते.

पण नाशिकचा स्वतःचा प्राचीन प्राणी आहे, त्याचं काय? निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला आज आपण पक्षी बघायला जातो. तिथल्या गोदाकाठच्या गाळात सरळ सुळ्यांच्या एका महाकाय हत्तीचे अवशेष सापडले. भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी 1905 साली त्यावर लेख लिहिला. या जातीचे मोठे नर खांद्यापाशी 13 फुटांहून उंच भरत. आजचा हत्ती त्यांच्यापुढे लहान दिसेल. हा लाव्हाच्या कितीतरी नंतरचा, हिमयुगाच्या काळातला. गोदावरी तेव्हा वाहत होती. याच नदीकाठी, गंगापूरजवळ, पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. एवढं आपल्या दाराशी असताना नाशिकच्या मुलांना त्यातलं काहीच ठाऊक नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात सुशोभीकरणाची कामं निघत आहेत. त्यात एखाद्या उद्यानात हा हत्ती पूर्ण उंचीचा उभारावा. मापं भूशास्त्राच्या जाणकारांकडून तपासून घ्यावीत, म्हणजे बोटांसारखी चूक होणार नाही. दोन्ही पुतळ्यांपाशी मराठी फलक लावावा: प्राणी कोणता, कुठला, किती वर्षांपूर्वीचा. आणि फलक तिसरी-चौथीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. मोठ्यांना थोडं वाकून वाचता येईल.

– एक निवृत्त विहीर ठेकेदार, नाशिक