रविवारची सूर्यनिरीक्षण बैठक: कोडाईकनाल आणि सूर्यडाग

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७.३० वाजता मेहरूण तलावाच्या काठावर जमायचे आहे. वेळ पाळाच. पाणी हळू तापते, म्हणून काठावर हवा जरा स्थिर मिळते; पण आपल्या जळगावच्या उन्हात ९ नंतर प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी थरथरते.

आधी २० मिनिटे कोडाईकनालच्या सौरवेधशाळेची माहिती. पळनी डोंगरावरची ही वेधशाळा १८९९ ची. तिथेच १९०९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांना सूर्यडागाच्या उपच्छायेतला (गडद गाभ्याभोवतीच्या फिकट कड्यातला) वायू बाहेरच्या दिशेने वाहताना वर्णपटात दिसला. तिथल्या बोगदा-दुर्बिणीच्या भिंगाचे नाभीय अंतर ३६ मीटर, त्यामुळे सूर्याची प्रतिमा सुमारे ३४ सेंटीमीटरची पडते. आपण दुर्बिणीतून पुठ्ठ्यावर पाडलेल्या १५ सेंटीमीटरच्या प्रतिमेवर समाधान मानू.

सोबत आणा:
- पांढरा पुठ्ठा, त्यावर १५ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ आखलेले
- टोकदार पेन्सिल, टोपी, पाणी

दुर्बीण आणणाऱ्यांनी फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या जोडदुर्बिणीला) झाकण लावूनच यावे. आयपीस (डोळ्याकडचे भिंग) साधा हवा. चिकटवलेल्या भिंगांचा आणू नका, उष्णतेने त्यातला चिकटद्रव खराब होतो. आयपीसवर बसवायचे काळे फिल्टर पूर्ण बंद, ते तापून तडकतात आणि डोळा कायमचा जातो.

नोंद करताना दुर्बीण हलवू नका. पुठ्ठ्यावर डाग मिनिटाला साधारण ७ सेंटीमीटर सरकतो. त्या वाटेवर दोन ठिपके द्या, ते जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. मग डाग पेन्सिलीने रेखाटा.

लहान मुले पालकांसोबतच. ढग असल्यास फक्त माहितीचा भाग होईल.