आप्पा, दोरी तुम्ही चढवलीत

आदरणीय आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

समोर बोलायला गेलो की तुम्ही "ऱ्हाऊ दे, च्या घे" म्हणून विषय तोडता. म्हणून लिहून काढतोय, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहितोय.

गेल्या आषाढात आतड्याला छिद्र पडलं आणि रातोरात पोट उघडावं लागलं. बेंबीच्या वरून खालपर्यंत चीर. घरी आल्यावर खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची, उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, असे दिवस गेले. चालणं वाढवत वाढवत महिन्याभरानं पेठेतून गंगावेशीच्या दूधकट्ट्यापर्यंत पोचलो आणि मला वाटलं, झालो बरा. सहाव्या आठवड्यात, घरी न सांगता, धनुष्य घेऊन मैदानावर आलो.

दोरी निम्मी ओढली असेल, बेंबीपाशी आतून काहीतरी ताणल्यासारखं झालं. तुम्ही कुंपणापलीकडून बघत होतात. आत आलात, माझ्या हातातलं धनुष्य काढून घेतलंत आणि काही न बोलता सदरा वर केलात. जांघेजवळ एकावर एक दोन व्रण. पहिल्या हर्नियानंतर महिन्यात जोर मारायला लागलात, तो परत उलटला, दुसरं ऑपरेशन झालं आणि कुस्ती कायमची सुटली, हे मला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं एका पेठेत राहून माहीत नव्हतं. "आरं, धनुष्य काय पळून चाललंय व्हय?" एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गाडीवर मागं बसवून सर्जनकडे नेलंत आणि मी कधी विचारला नसता तो प्रश्न विचारलात: किलोत सांगा. तीन महिने पाच किलोच्या वर काही नाही, असं उत्तर आलं. माझं धनुष्य चाळीस पौंडांचं, म्हणजे अठरा किलोंची ओढ, आणि तीही एका बाणाला नाही, सत्तर-ऐंशी बाणांना. हा हिशेब मी वीस वर्षांत केला नव्हता. ओढताना श्वास कोंडला की सगळा दाब पोटाच्या शिवणीवर येतो, हेही डॉक्टरांनी तिथंच समजावलं. मग तुम्ही धनुष्याऐवजी ओढायला सायकलची जुनी ट्यूब आणलीत आणि रोज सकाळी माझ्यासमोर उभं राहून एकच घोकून घेतलंत: "सोडत वढ." श्वास सोडत ओढ.

तुमचे वडील कोल्हापूर संस्थानच्या शिकारीत दाजीपूरच्या रानात हाकाऱ्याला जायचे. 1958 साली ते रान अभयारण्य झालं, 1972 च्या कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली, आणि ते बरंच झालं. आमचं सावज म्हणजे लक्ष्याचा 122 सेंटिमीटरचा कागद. पण वडिलांचं एक बोलणं तुम्ही मला त्या दिवसांत सांगितलंत: जखमी गवा जाळीत शिरला की जखम सुकेपर्यंत बाहेर पडत नाही. मी घरात चिडून बसलेलो असताना ते ऐकलं, आणि मनातली कुरकुर जरा शांत झाली.

खंडेनवमीला धनुष्य पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, ओढलं नाही. दसऱ्याला, सर्जनची परवानगी मिळाल्यावर, तुम्ही पोरांच्या वर्गातलं सोळा पौंडांचं धनुष्य हातात दिलंत. दहा मीटरवरून बाण मारायचे, बाजूला दहा-बारा वर्षांची पोरं. मान वर होत नव्हती माझी. तुम्ही पोरांना म्हणालात, "बघा, दादा श्वास कसा सोडतोय." त्या एका वाक्यानं तिथं उभं राहणं सोपं झालं.

पुढं दर पंधरवड्याला दोन-दोन पौंड. कडक जुने बाण हलक्या धनुष्यातून डावीकडे जायचे, तर तुम्ही कुठून तरी लवचीक बाणांचा जुडगा मिळवलात. ओढण्यापेक्षा लक्ष्यात रुतलेला बाण उपसताना पोटाला जास्त हिसका बसतो, हे तुमच्याच लक्षात आलं. लगेच एका पोराला माझे बाण काढायला नेमलंत. आणि दोरी! धनुष्य वाकवून दोरी चढवायला कंबर आणि पोट दोन्ही लागतं. दसऱ्यापासून होळीपर्यंत, एकही दिवस न चुकता, ती तुम्ही चढवलीत. सकाळी साडेसहाला थंडीत मफलर गुंडाळून तुम्ही माझ्या आधी मैदानावर असायचात. गुडघे दुखत असताना.

परवा चौतीस पौंडांवर, सत्तर मीटरवरून, छत्तीस बाण मारले. सगळे कागदावर नव्हते. पण एकदाही पोटाकडं हात गेला नाही. आई कडेला खुर्ची टाकून बसली होती, तिनं शेवटच्या बाणानंतर डोळे पुसले.

आता दोरी मी चढवतो. तरी रविवारी लवकर या, नीट बसलीय का ते एकदा बोटानं छेडून बघा. मफलर आणा, सकाळी अजून गार वारं सुटतंय.

तुमचा,
खालच्या गल्लीतला पोरगा