विजेत्या संघाच्या ६९ पराभवांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाने २०२५ मध्ये सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या मेजर लीगची अंतिम मालिका जिंकली. त्याच हंगामात साखळीच्या १६२ सामन्यांपैकी ६९ सामने हा संघ हरला होता. सहा महिने, दर आठवड्याला दोन-तीन पराभव. हे आकडे इथे देण्याचं कारण आपल्या गावातलं आहे.

सोलापुरात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल पाहणारे लोक थोडे असले तरी कडवे आहेत. पहाटे साडेचारला सुरू होणारे अमेरिकेतले सामने मोबाइलवर पाहणारी पोरं इथे आहेत. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांना मैदानाच्या कडेला उभे राहणारे माजी खेळाडू आहेत, पालक आहेत. यांच्या तोंडाचा पट्टा कुणावर चालतो ते पाहण्यासारखं असतं. दरवर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडणाऱ्या शाळेच्या मुलांना सगळे ‘चांगलं खेळलात रे’ म्हणतात. मागच्या वर्षी कप आणलेला संघ उपांत्य फेरीत एका रनने हरला की तीच मंडळी ‘माजलेत बे सगळे’ म्हणून मोकळी होतात. रात्री ग्रुपवर कोचची हजेरी घेतली जाते ती वेगळीच.

हरल्यावर राग येणारच. पण बेसबॉलमध्ये चांगल्या संघाने किती हरावं याचा अंदाजच आपल्याकडे चुकलेला आहे, कारण तो क्रिकेटवरून बांधलेला आहे.

साधा हिशेब करू. शंभरातले साठ सामने जिंकणारा संघ म्हणजे १६२ मध्ये ९७ विजय, अव्वल कामगिरी. हा संघ कुठलेही चार सामने लागोपाठ हरण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४ असं चारदा, म्हणजे ०.०२५६. अडीच टक्के फार कमी वाटतात. पण पूर्ण हंगामावर पसरले की सलग चार किंवा अधिक पराभवांचा पट्टा सरासरी दोन ते तीन वेळा येतो. कुणी आळशी झालेलं नसतं, ड्रेसिंग रूममध्ये भांडणं नसतात, तरीही येतो. त्या आठवड्यात जो काही बोलतो त्याला मात्र कारण हवं असतं, आणि कारण शोधलं की माणूस सापडतोच.

आपल्या शालेय स्पर्धा तर बाद पद्धतीच्या. सोळा संघ, चार सामने जिंकले तर कप. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला, म्हणजे चांगलाच वरचढ संघ घ्या. चारही जिंकण्याची शक्यता ०.७ चारदा गुणून येते २४ टक्के. थोडक्यात, स्पर्धेतला सर्वात तगडा संघ चारपैकी तीन वेळा कपाशिवाय घरी येणार. ‘यंदा कप आपलाच’ असं पालकसभेत सांगणाऱ्यांनी ही गुणाकाराची ओळ फळ्यावर लिहून ठेवावी.

अमेरिकेत याचे दाखले ढिगाने आहेत. सिअ‍ॅटल मरिनर्सनी २००१ मध्ये ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत, न्यूयॉर्क यांकीजनी त्यांना आधीच्याच फेरीत गारद केलं. डॉजर्सनी २०२२ मध्ये १११ जिंकले आणि सॅन डिएगोकडून पाच सामन्यांच्या मालिकेत ३-१ ने हरले. उलट सेंट लुईस कार्डिनल्स २००६ मध्ये केवळ ८३ विजयांवर विश्वविजेते ठरले. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र सगळ्यांना आठवते. विश्वचषकात ओळीने दहा सामने जिंकलेला भारतीय क्रिकेट संघ अकरावा, म्हणजे अंतिम सामना हरला आणि त्या दहांचं मोल एका रात्रीत शून्य झालं.

बॅटरचंही तेच. दहापैकी तीनदा हिट मारणारा, म्हणजे फटका मारून बेस गाठणारा, तिथे पहिल्या रांगेतला समजतात. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ ची, म्हणजे हजारात ४०६ हिटची सरासरी राखली, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात कुणी .४०० गाठलेली नाही. .३०० च्या बॅटरला सामन्यात चार संधी मिळाल्या, तर चारही वाया जाण्याची शक्यता २४ टक्के. दर चौथ्या सामन्यात तो भोपळा घेऊन परतणार, आणि तरी तो संघातला सर्वोत्तम बॅटर असणार. डॉजर्सचा अँडी पाहेस २०२५ च्या बाद फेऱ्यांत बॅटने जवळजवळ बंद पडला होता, शेवटी त्याला बसवलं. अखेरच्या सातव्या सामन्यात नवव्या, म्हणजे ठरलेल्या शेवटच्या इनिंगला त्याला फक्त फील्डिंगसाठी उतरवलं, आणि बेस भरलेले असताना सहकाऱ्यावर आदळत त्याने जो झेल घेतला त्यावर तो कप टिकला. नाहीतर तिथेच समोरचा टोरांटोचा संघ जिंकला असता.

आता राग कुणावर निघतो ते पाहा. बहुतेक वेळा शेवटच्या चेंडूजवळ जो उभा असतो त्याच्यावर. याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण २५ ऑक्टोबर १९८६ चं, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवरचं. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. बॉस्टन रेड सॉक्स मालिकेत ३-२ ने पुढे, दहाव्या इनिंगमध्ये ५-३ ने पुढे, समोरच्या न्यूयॉर्क मेट्सचे दोन आउट, बेसवर कुणी नाही. जिंकायला फक्त तिसरा आउट हवा होता. तिथून मेट्सच्या तिघांनी लागोपाठ सिंगल, म्हणजे एकेका बेसचे फटके मारले, ५-४ झाले. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला. नव्या पिचरचा चेंडू भरकटला, बॅटरमागे बसलेल्या कॅचरला सापडला नाही आणि तिसऱ्या बेसवरचा खेळाडू घरी पोचला, म्हणजे रन झाला. बरोबरी इथे झाली. त्यानंतर मूकी विल्सनचा सरपटी फटका पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या दोन पायांमधून मागे गेला आणि मेट्स ६-५ ने जिंकले.

बकनरने तो चेंडू अडवून आउट केला असता तरी बॉस्टन त्या क्षणी जिंकत नव्हतं, सामना अकराव्या इनिंगमध्ये गेला असता इतकंच. शिवाय मालिकेचा सातवा सामना बाकी होता, आणि त्यात ३-० ची आघाडी घेऊन बॉस्टन ८-५ ने हरलं. बकनरचे घोटे दुखावलेले होते. आधीच्या सामन्यांत शेवटी शेवटी त्याला काढून डेव्ह स्टेपलटनला उभं केलं जाई, त्या रात्री मॅनेजरने, म्हणजे मुख्य कोचने, ते केलं नाही. तीन सिंगल, एक भरकटलेला चेंडू आणि एक न केलेली बदली, एवढं सगळं बाजूला राहिलं आणि कारकिर्दीत २,७१५ हिट मारलेला माणूस आयुष्यभर त्या एका चेंडूने ओळखला गेला. धमक्याही आल्या. बॉस्टनच्या प्रेक्षकांनी २००८ मध्ये उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, पण तोवर २२ वर्षं उलटली होती.

तसा चेंडू आपल्याकडे रोज सुटतो, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. शाळांची मैदानं बहुतेक मुरमाची, पाणी मारून रोलर फिरवलेला नसतो. सरपटी चेंडू शेवटच्या हातभर अंतरात कुठे उसळेल ते सांगता येत नाही. म्हणून शिकवताना पाय खांद्यांपेक्षा रुंद, कंबर खाली आणि ग्लोव्ह आधीच जमिनीला टेकवलेला, मोकळा हात वरून झाकायला तयार, असं उभं करतात. ग्लोव्ह खालून वर नेणं सोपं, वरून खाली नेणं अवघड. चेंडू पायांतून गेला तर बहुधा ग्लोव्ह उशिरा खाली आलेला असतो, आणि ते घडतं कारण पोराने चेंडू हातात येण्याआधीच पहिल्या बेसकडे मान वळवलेली असते. घाई. कडेने ‘फेक, फेक’ असा गलका झाला की ती घाई दुप्पट होते. चूक मुलाची खरी, पण त्यात ओरडणाऱ्यांचा वाटाही असतो.

पिचर बदलण्यावरून तर रान उठतं. ‘चांगला टाकत होता, काढला कशाला?’ आणि पुढच्या सामन्यात ‘मार खातोय दिसत नाही का, काढ की बे त्याला!’ दोन्ही एकाच तोंडून. मेजर लीगच्या मॅनेजरांचीही यातून सुटका नाही. बॉस्टनच्या ग्रेडी लिटलने २००३ च्या निर्णायक सामन्यात थकलेल्या पिचर पेद्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये ठेवला, आघाडी गेली, बॉस्टन यांकीजकडून हरलं आणि लिटलची नोकरी गेली. टँपा बेच्या केव्हिन कॅशने २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बरोबर उलट केलं. त्याचा पिचर ब्लेक स्नेल याने ७३ चेंडूंत फक्त दोन हिट दिले होते, नऊ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं होतं. तरी त्याला काढला, कारण तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचरचा चेंडू त्यांना वाचता येऊ लागतो, हे आकड्यांनी वारंवार दिसलेलं आहे. डॉजर्स ३-१ ने जिंकले आणि कॅशची आजही टर उडवली जाते. ठेवला तरी शिव्या, काढला तरी शिव्या.

व्यावसायिक खेळाडू गलेलठ्ठ पगार घेतात, त्यांचं ते बघून घेतील. आमची खरी काळजी तेरा-चौदा वर्षांच्या पिचरची आहे. जिंकणाऱ्या शाळेत असा एखादाच असतो. अपेक्षा जितकी मोठी तितका कोच त्याला काढायला घाबरतो, कारण दुसरा पिचर आणून हरलं तर पालक आणि संस्थाचालक दोघेही दारात उभे. मग दोन दिवसांत तीन सामने आणि तिन्हींत तोच मुलगा.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल ही तिथली राष्ट्रीय संघटना यांनी मिळून यासाठी मार्गदर्शक मर्यादा ठरवून दिल्या आहेत. १३-१४ वर्षांच्या मुलाने एका दिवसात सामन्यात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन. पिच करून झाल्यावर त्याच सामन्यात कॅचर म्हणून बसू नये, कारण कॅचरलाही दर चेंडूला परत फेकावं लागतं. आपल्याकडे नेमकं हेच होतं, ‘हात चांगला आहे’ म्हणून पिचरलाच मास्क चढवला जातो. या वयात कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते. पुन्हापुन्हा ताण पडला की तिथे सूज, दुखणं आणि पुढे हाड ओढलं जाण्यापर्यंत मजल जाते. थकवा कडेला उभं राहूनही ओळखता येतो. कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरतं, चेंडू वर राहू लागतात, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो, मुलगा मधूनच हात झटकतो. अशा वेळी ‘अजून एक इनिंग’ म्हणून टाळ्या पिटणारे दिसले की त्यांच्यापेक्षा शिव्या देणारे परवडले असं वाटतं. डॉजर्सचा पिचर यामामोतो याने २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच दिवशी सातव्यात ३४ टाकले, हे उदाहरण आता सगळे देतात. तो तेव्हा २७ वर्षांचा व्यावसायिक होता आणि तो वर्षाचा शेवटचा सामना होता.

टीका करूच नये असं आमचं म्हणणं नाही, करण्यासारखं पुष्कळ असतं. वॉक मोजा. चार बॉल टाकून फुकट दिलेला बेस हा पिचरच्या तयारीचा भाग असतो, त्यात नशीब फारसं नसतं. आउटफिल्डमधून तिसऱ्या बेसला थ्रो येत असेल तर पिचर त्या बेसच्या मागे धावला का? बेस रिकामे असताना शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरने, पहिल्या बेसला फेकलं, तर कॅचर मागून आधाराला गेला का? मैदानाला जाळी नसते, आणि मर्यादेबाहेर गेलेल्या थ्रोला दोन बेस द्यावे लागतात, पंच म्हणून आमचा नाइलाज असतो. लांबचा थ्रो मधल्या खेळाडूने मध्येच अडवायचा की जाऊ द्यायचा हे आधी ठरलं होतं का? या गोष्टी सरावात बसवता येतात. त्या सलग तीन सामन्यांत दिसल्या नाहीत तर कोचला जरूर विचारा, मोठ्याने विचारा. वाईट उसळीवर सुटलेला चेंडू किंवा सरळ फील्डरच्या हातात गेलेला सणसणीत फटका, यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही.

संघ बरा आहे की उतरणीला लागलाय हे पाहायला बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं एक जुनं सूत्र आहे, त्यातून संघाने किती टक्के सामने जिंकायला हवेत ते कळतं. केलेल्या रनांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांची बेरीज. हंगामात ४० रन केले आणि ३० दिले, तर १६०० भागिले २५००, म्हणजे ६४ टक्के. एवढ्या ताकदीचा संघ निम्मेच सामने जिंकत असेल, तर एका-एका रनाचे सामने विरुद्ध गेले असण्याची शक्यता मोठी, आणि त्यासाठी कोच बदलून काही होत नाही. याउलट दिलेले रन जास्त असूनही जिंकत सुटलेल्या संघाच्या हारतुऱ्यांवर जरा आवर घातलेला बरा.

आपल्याकडे एक मागणं आहे. शालेय सामन्यांच्या बातमीत ‘लाजिरवाणा पराभव’, ‘गतविजेत्यांचं लोटांगण’ असे मथळे येतात आणि खाली फक्त अंतिम रन असतात. त्याऐवजी दोन ओळींची चौकट द्यावी. दोन्ही संघांचे रन, हिट, एरर (फील्डिंगमधल्या चुका), वॉक, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि प्रत्येक पिचरने टाकलेले चेंडू. अकरा हिट मारून तीन रन आणि दहा जण बेसवर अडकलेले, हे वाचलं की सामना कुठे निसटला ते वाचकाला आपोआप कळतं. हे आकडे गुणलेखकाच्या तक्त्यात असतात, तक्त्याचा फोटो मागितला तरी पुरे. चेंडूंची मोजणी मात्र काही ठिकाणी होत नाही, ती आपल्या बातमीदाराने रोज विचारली तर सुरू होईल. जागा कमी पडली तर बाकीचे रकाने गाळा, पण पिचरचे चेंडू आणि त्याचं वय तेवढं छापा.

आपले,
शालेय बेसबॉल-सॉफ्टबॉलचे काही पंच व प्रशिक्षक,
सोलापूर