पार्किंगमधली भिंत पाडण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कराड

विषय : पार्किंगमधील भिंत व टेरेसवरील नवीन टाकीबाबत

महोदय,

दोन गाड्यांची जागा वाढावी म्हणून जिन्यालगतची भिंत पाडायची आणि टेरेसवर 5000 लिटरची आणखी एक टाकी बसवायची, असे मागच्या मीटिंगमध्ये ठरले. रात्रपाळीमुळे मी नव्हतो. इतिवृत्त वाचून लिहितो आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आमच्या घरातली भांड्यांची मांडणी कोसळली होती. आई अजून सांगते. पुढे छोटे धक्के इतके अंगवळणी पडले की पंखा हलला तरी ‘कोयनेचा असेल’ म्हणत आपण चहा संपवतो. मला भीती आहे ती या सवयीची.

किल्लारीत 1993 साली दगडमातीची घरे पडली, आपले काँक्रीट आहे, असे कोणी म्हणेल. पण 26 जानेवारी 2001 ला भूकंप कच्छात झाला आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत काँक्रीटच्याच बहुमजली इमारती बसल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींना खाली मोकळे पार्किंग होते. वरचे मजले विटांच्या भिंतींमुळे ताठ राहतात, खाली नुसते कॉलम. सगळा हेलकावा त्या एका मजल्यावर येतो आणि कॉलम तिथेच मोडतात. आपण तर खालची होती ती भिंतही काढणार, आणि वर पाच टन पाणी चढवणार!

भिंत ठेवावी की कॉलमना जॅकेटिंग (बाहेरून सळ्या आणि काँक्रीटचा थर देऊन मजबुती) करावे, हे इंजिनिअरने सांगावे, मी नाही. इमारत 22 वर्षांची आहे. उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी हवे. आपले एकदाही झालेले नाही. रंगकाम मात्र दोनदा झाले. तेव्हा ऑडिटचा अहवाल येईपर्यंत दोन्ही कामे थांबवावीत, ही विनंती. जिन्यातले शू-रॅक आणि कठड्यावरच्या कुंड्या तर उद्याही हलवता येतील. माझ्या चार कुंड्या मी काल खाली आणल्या.

घरातले लोखंडी कपाट अँगल लावून भिंतीला आवळले आहे, पलंगावरचा माळा रिकामा केला आहे. ज्यांना कपाट आवळायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी हाक मारावी, ड्रिल माझ्याकडे आहे.

आपला विश्वासू,
सदनिका क्र. 302