मुलांना नव्हे, बारला मांडवाबाहेर ठेवा

संपादकांस,
सप्रेम नमस्कार.

संगीताच्या रात्री मुलांना न्यावं की घरी ठेवावं, यावर आमच्याकडे गेला आठवडाभर वाद चालला आहे. लग्नसराईत हा वाद इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत होतो, हे ओळखीच्या बायकांशी बोलताना कळलं. म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात बायपासजवळच्या एका मॅरेज गार्डनमध्ये नात्यातल्या मुलीचं संगीत होतं. चाटचा काउंटर, त्याला लागून मुलांसाठी पॉपकॉर्न आणि रंगीत सरबतं, आणि त्याच रांगेत पुढे बार. मधे एक पडदासुद्धा नाही. माझा सात वर्षांचा नातू सरबत आणायला म्हणून गेला तो अर्ध्या तासाने सापडला. काकामंडळींच्या टेबलावर बर्फ पोचवत होता. “जा बेटा, अजून थोडा आण,” म्हणून त्याला जो तो पिटाळत होता आणि तोही आनंदाने पळत होता. मोठ्यांनी काम सांगितलं की त्या वयात छाती फुगते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी त्याचा हात धरून त्याला घेऊन येताना मला रडू आलं.

त्याच टेबलावर भरलेले ग्लास आणून ठेवणारा मुलगाही मला दिसला. अंगात ढगळ कोट, हातात ट्रे. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं आहे, आठवीतला मुलगा मला लांबूनही ओळखू येतो. वय विचारलं तर पटकन “अठरा” म्हणाला, पढवल्यासारखं. मुलांना दारूच्या ठिकाणी न्यावं का, असं आपण विचारतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फक्त आपली नातवंडं असतात. ट्रे धरणारं पोर त्या हिशेबात धरतच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मात्र ते आहे. दारू नेण्या-पुरवण्यासाठी मुलाचा वापर केला तर कलम ७८ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला दारू दिली तर कलम ७७ प्रमाणे शिक्षा तेवढीच. केटरिंगवाल्याशी पनीरच्या भाजीवरून तासभर घासाघीस करणाऱ्या यजमानाने वाढपी पोरांची वयंही विचारायला हवीत.

पण मला सर्वांत जास्त बोचते ती परतीची वाट. गाडी चालवणाऱ्या आमच्या जावयांनी दोन पेग घेतले होते. “काही होत नाही, मावशी,” असं ते म्हणाले आणि मी मागच्या सीटवर बसले. नातू मांडीवर झोपला होता. बायपासवरचा एकेक ट्रक शेजारून गेला की मी त्याचं डोकं पोटाशी धरत होते. थांबवा गाडी, आपण टॅक्सी करू, एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. लग्नघरात कटकट नको, जावयाचा अपमान नको. आम्ही सुखरूप पोचलो, पण त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांनी पिणारे पाहू नयेत यावर आपण भांडतो, आणि रात्री बारा वाजता त्याच पिणाऱ्यांच्या गाडीत मुलांना बसवतो.

माझी भाची जर्मनीत असते. तिचं म्हणणं, तिथल्या बिअर गार्डनमध्ये मुलं शेजारीच खेळतात, लपवाछपवी नसते, म्हणून आकर्षणही नसतं. लपवाछपवीबद्दल ती बरोबर बोलते. आमच्या लहानपणी काही घरांत पुरुष माडीवर दार लावून घेत, आणि खालच्या मुलांना सगळं कळत असे, फक्त विचारायची चोरी होती. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण तिथली पुष्कळ माणसं ट्रामने घरी जातात, आणि इथे बायपासच्या गार्डनमधून रात्री बाराला कुठली बस मिळणार? शिवाय दारूचं अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेच जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुलांना घरी ठेवा, हा उपाय मला मान्य नाही. लग्न मुलांचंही असतं. मामाच्या खांद्यावर बसून नाचणं, करवलीचा मान, आत्याच्या साडीला धरून पंगतीत फिरणं, हे कुणाच्या ग्लासासाठी त्यांच्याकडून का काढून घ्यायचं? उठायचंच असेल तर बारने उठावं. आपल्या राज्याने १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे तिथेच बसून प्यायच्या जागा, बंद केले, तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले गेले होते. तोच अहाता आता आम्ही मांडवात आणून ठेवला आहे, तोही पॉपकॉर्नच्या शेजारी.

समारंभासाठी एक दिवसाचा परवाना देताना आबकारी खात्याने बारची जागा वेगळी, बंदिस्त हवी आणि वाढणारा सज्ञान हवा, या अटी घालून त्या जागेवर येऊन तपासाव्यात. यजमानांनी पत्रिकेत बार आहे की नाही ते लिहावं आणि पिणाऱ्यांना घरी पोचवायला चालक ठेवावेत. डीजेला जेवढे पैसे मोजतो, त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्या घरी धाकट्या मुलाचं लग्न आहे. संगीताला बार नाही असं आम्ही ठरवलं, आणि पत्रिकेवर “मुलांसह यावे” असं ठळक छापून घेतलं आहे. दोन पाहुण्यांनी “मग आम्ही थेट लग्नालाच येऊ” असं कळवलं. त्यांना मी स्वतः फोन केला आणि सांगितलं, संगीताला या, जेवायला श्रीखंड-पुरी आहे, आणि परतीच्या गाडीची सोय आमच्याकडून.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर